इंडिगो प्लॅटोच्या पाच लढती: पोकेमॉन फायररेड-लीफग्रीनमध्ये एलिट फोरना हरवण्याची तयारी

आठवा बॅज मिळाला की नवा खेळाडू थेट इंडिगो प्लॅटो गाठतो आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या खोलीत गारद होतो. तोवरचा गेम एकाच लाडक्या पोकेमॉनच्या जिवावर निभावून नेता येतो. इथे तसं चालत नाही. लोरेलाय, ब्रुनो, अगाथा, लान्स हे चौघे म्हणजे ‘एलिट फोर’, आणि शेवटी चॅम्पियन, अशा पाच लढती एका दमात द्याव्या लागतात. मध्ये पोकेमॉन सेंटर नाही, दुकान नाही, मागे फिरायला दार नाही. जे पिशवीत असेल त्यावरच भागवायचं.

म्हणून तयारी शेवटाकडून सुरू करा. चॅम्पियन आणि लान्ससाठी काय लागेल ते आधी ठरवा, मग मागे येत लोरेलायपर्यंत पोहोचा. चवथीला माटोळी बांधताना आधी लाकडी चौकट पक्की करतात, फळं नंतर टांगतात. इथली चौकट म्हणजे समोरच्या पाच जणांची यादी.

हा लेख गेम बॉय अॅडव्हान्सवर २००४ साली आलेल्या फायररेड आणि लीफग्रीन या दोन भागांसाठी आहे. दोन्हींत एलिट फोर सारखेच आहेत. दुसऱ्या भागांतल्या टीम आणि लेव्हल वेगळ्या असल्याने इथले आकडे तिकडे लावू नका.

हाताशी काय काय हवं

- आठही बॅज
- सर्फ आणि स्ट्रेंग्थ या मूव्ह येणारे पोकेमॉन, शिवाय फ्लाय येणारा एक
- सहा पोकेमॉन, त्यातले निदान चार ५३ ते ५५ लेव्हलचे
- टीएम, म्हणजे पोकेमॉनला मूव्ह शिकवणारी यंत्रं: थंडरबोल्ट, शॅडो बॉल, अर्थक्वेक, सायकिक (कुणाला काय द्यायचं ते पुढे)
- व्हीएस सीकर आणि अॅम्युलेट कॉइन
- औषधांसाठी गेममधले साठेक हजार
- एक वही आणि पेन

वहीला कमी लेखू नका. प्रत्येक पोकेमॉनच्या चार मूव्ह आणि त्यांचे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) डोळ्यांसमोर असले की निम्म्या चुका टळतात.

१. कार्ट्रिज आणि बॅटरी आधी तपासा

गोव्यात हा गेम बहुधा जुना, कुणाच्या तरी हातून फिरून आलेला मिळतो. बाजारात नकली कार्ट्रिजही भरपूर आहेत. घेतल्या घेतल्या एक चाचणी करा: गेम सुरू करून सेव्ह करा, कन्सोल बंद करा, कार्ट्रिज काढून रात्रभर ठेवा, सकाळी लावून बघा. फायररेड-लीफग्रीनचं सेव्ह फ्लॅश मेमरीत राहतं, त्याला आतली बॅटरी लागत नाही. रात्रीत सेव्ह पुसलं गेलं तर कार्ट्रिज नकली किंवा बिघडलेलं आहे. ‘वन एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड’ असा इंग्रजी संदेश पडद्यावर आला तर गेमला ती मेमरी सापडलेली नाही. अशा कार्ट्रिजवर चाळीस तास घालवू नका.

आपल्याकडची खारी, दमट हवा कार्ट्रिजच्या पितळी रंगाच्या पट्ट्या काळवंडून टाकते. पावसाळ्यात हे जास्तच होतं. मग लढत ऐन रंगात आली असताना पडदा गोठतो. फुंकर मारून काही होत नाही; तोंडातली वाफ उलट गंज वाढवते. कान साफ करायच्या काडीचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलका भिजवा आणि पट्ट्यांवरून उभा फिरवा. कापूस काळा येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. दहा मिनिटं वाळू द्या, मग लावा.

मूळ गेम बॉय अॅडव्हान्सला दोन पेन्सिल सेल लागतात, एसपी मॉडेल चार्ज होतं. दिवा लाल झाला की नव्या खोलीत पाऊल टाकू नका. जून-जुलैत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून एसपी आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा.

२. समोर कोण आहे ते पाठ करा

पहिल्या वेळच्या लढतीतल्या टीम अशा:

- लोरेलाय: ड्यूगाँग ५२, क्लॉइस्टर ५१, स्लोब्रो ५२, जिंक्स ५४, लॅप्रस ५४
- ब्रुनो: ऑनिक्स ५१, हिटमॉनचॅन ५३, हिटमॉनली ५३, ऑनिक्स ५४, मचॅम्प ५६
- अगाथा: गेंगार ५४, गोलबॅट ५४, हाँटर ५३, आर्बोक ५६, गेंगार ५८
- लान्स: ग्याराडोस ५६, ड्रॅगनेअर ५४, ड्रॅगनेअर ५४, एरोडॅक्टिल ५८, ड्रॅगोनाइट ६०
- चॅम्पियन: पिजिऑट ५९, अलाकझॅम ५७, रायडॉन ५९, आणखी दोन ५९ ते ६१ चे, आणि त्याचा स्टार्टर (गेमच्या सुरुवातीला निवडलेला पोकेमॉन) ६३

चॅम्पियन म्हणजे पहिल्या गावापासून तुमच्याशी भिडणारा तोच प्रतिस्पर्धी. त्याची शेवटची तीन नावं तुमच्या स्टार्टरवर ठरतात. तुम्ही बल्बासॉर घेतला असेल तर त्याच्याकडे चॅरिझार्ड, ग्याराडोस आणि एक्झेग्युटर. चारमँडर घेतला असेल तर ब्लास्टॉइज, आर्कनाइन आणि एक्झेग्युटर. स्क्विर्टल घेतला असेल तर व्हीनासॉर, ग्याराडोस आणि आर्कनाइन.

यादी नीट बघितली तर एक गोष्ट लक्षात येते. आइस आणि इलेक्ट्रिक हे दोनच टाइप पाचपैकी तीन खोल्यांत कामाला येतात. टीम या दोन टाइपांभोवती उभी करायची.

३. टीम निवडा

खाली दिलेले पोकेमॉन देवघेवीशिवाय एकट्याला मिळतात. यातले चार घ्या, बाकीच्या दोन जागा तुमच्या आवडीच्या.

लॅप्रस. सिल्फ कंपनीच्या इमारतीत २५ लेव्हलचा फुकट मिळतो आणि बरेच जण त्याला पेटीत टाकून विसरतात. तसं करू नका, या पाच लढतींसाठी त्याच्याइतका कामाचा गडी दुसरा नाही. वॉटर-आइस असल्यामुळे त्याला आइसचा मार चौथाईच लागतो. त्याची क्षमता वॉटर अॅब्सॉर्ब निघाली तर सर्फ खाऊन तो उलट बरा होतो. म्हणजे लोरेलायची निम्मी हत्यारं बोथट. आइस बीम तो लेव्हल वाढताना आपणहून शिकतो, त्यासाठी टीएम खर्चू नका. सर्फ, आइस बीम, थंडरबोल्ट, बॉडी स्लॅम अशा चार मूव्ह ठेवा.

झॅपडॉस. पॉवर प्लांटमध्ये ५० लेव्हलचा उभा असतो. त्याच्या समोर जाऊन आधी सेव्ह करा, मग बोला. इथे एक खाच आहे: पकडल्यावर त्याच्याकडे थंडर वेव्ह, अॅजिलिटी, डिटेक्ट आणि ड्रिल पेक एवढंच असतं. विजेचा पक्षी, पण विजेचा एकही वार नाही. लेफ्टनंट सर्जकडून मिळालेला शॉक वेव्हचा टीएम वापरला नसेल तर तो यालाच द्या. पैसे असतील तर थंडरबोल्ट. ड्रिल पेक मात्र काढू नका, ब्रुनोसाठी ती सोन्याच्या मोलाची आहे.

स्नॉरलॅक्स. रूट १२ आणि १६ वर दोन झोपलेले असतात, ३० लेव्हलचे. त्याची क्षमता थिक फॅट असेल तर आइस आणि फायरचा मार निम्मा होतो, इम्युनिटी असेल तर विष चढत नाही. दोन्हींचा उपयोग आहे, तेव्हा जो मिळेल तो ठेवा. तो जिथे झोपला होता त्याच जागी आयटमफाइंडर फिरवा. लेफ्टओव्हर्स हे आयटम तिथे लपलेलं असतं. धरायला दिलं की दर पाळीला थोडी हेल्थ परत येते, आणि औषधं जपून वापरायच्या ठिकाणी ही मोठी मदत आहे.

सायकिक टाइपचा एक. रूट २४-२५ वर आब्रा मिळतो. अलाकझॅम देवघेवीशिवाय होत नाही, पण काडॅब्राही चालतो. वेगवान आहे आणि जोरदार मारतो. मात्र त्याची हेल्थ आणि डिफेन्स अगदी कमी, त्यामुळे मार खाण्यासाठी त्याला पुढे करू नका. टिकाऊ हवा असेल तर हिप्नो घ्या. सॅफ्रन सिटीतल्या एका घरात सायकिकचा टीएम फुकट मिळतो.

तुमचा स्टार्टर. तिघांपैकी कुणीही असो, जिओव्हानीकडून मिळालेला अर्थक्वेक त्याला शिकवता येतो. हा टीएम एकच आहे आणि या गेममध्ये टीएम एकदा वापरला की संपतो. उगाच कुणालाही देऊन टाकू नका.

सहाव्या जागी फ्लाय किंवा दुसरी एखादी कामाची मूव्ह येणारा ठेवा. वेळ पडली तर याला पुढे करून मार खायला लावायचं आणि तेवढ्या पाळीत पडलेल्या खऱ्या लढवय्याला रिवाइव देऊन उठवायचं. निष्ठुर वाटेल, पण लान्ससमोर याच पाळ्या वाचवतात.

४. मूव्ह देताना फसू नका

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. नव्या भागांत प्रत्येक मूव्ह स्वतंत्रपणे फिजिकल किंवा स्पेशल असते. या गेममध्ये ते टाइपवरून ठरतं.

- फिजिकल: नॉर्मल, फायटिंग, फ्लाइंग, ग्राउंड, रॉक, बग, घोस्ट, पॉयझन, स्टील
- स्पेशल: फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, आइस, सायकिक, ड्रॅगन, डार्क

याचा अर्थ असा की शॅडो बॉल ‘अटॅक’ या आकड्यावर चालते, ‘स्पेशल अटॅक’वर नाही. म्हणून ती गेंगारपेक्षा स्नॉरलॅक्सच्या हातात जास्त लागते. उलट हिटमॉनचॅनच्या आइस पंच, फायर पंच स्पेशलमध्ये मोडतात आणि त्याचा स्पेशल अटॅक दुबळा आहे, म्हणून त्या फुसक्या निघतात. मूव्ह शिकवण्याआधी पोकेमॉनच्या आकड्यांचं पान उघडून कुठला आकडा मोठा आहे ते बघा.

टीएम सेलाडॉनच्या गेम कॉर्नरमध्ये नाण्यांवर मिळतात. थंडरबोल्ट आणि आइस बीम प्रत्येकी ४,००० नाणी, शॅडो बॉल ४,५०० नाणी. नाणी ५०० ला १०,००० या भावाने विकत मिळतात, म्हणजे एक थंडरबोल्ट ८०,००० ला आणि शॅडो बॉल ९०,००० ला पडते. मशीनवर नशीब आजमावत तासन् तास बसण्यापेक्षा ट्रेनरांशी लढून पैसे मिळवणं जास्त खात्रीचं. एकच घेणं परवडत असेल तर लॅप्रससाठी थंडरबोल्ट घ्या. दुसरी घेता आली तर स्नॉरलॅक्ससाठी शॅडो बॉल.

सर्फ, स्ट्रेंग्थ, फ्लाय यांसारख्या एचएम मूव्ह सहज विसरवता येत नाहीत, त्यासाठी फ्युशा सिटीतल्या मूव्ह डिलीटरकडे जावं लागतं. प्लॅटोच्या आधीच्या व्हिक्टरी रोड या गुहेसाठी लागणारी स्ट्रेंग्थ स्नॉरलॅक्सला दिली तर जागा वाया जात नाही. त्याच्याच टाइपची, ८० ताकदीची बरी मूव्ह आहे ती.

५. लेव्हल आणि पैसा एकाच वेळी वाढवा

जंगली पोकेमॉन मारत बसू नका. पैसे मिळत नाहीत आणि वेळ जातो. व्हर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमधली बाई व्हीएस सीकर देते. ते वापरलं की जवळचे हरलेले ट्रेनर पुन्हा लढायला तयार होतात, आणि १०० पावलं चाललं की ते परत चार्ज होतं. अॅम्युलेट कॉइन रूट १६ च्या गेटमधला प्रोफेसर ओकचा मदतनीस देतो, पण तुम्ही ४० जातींचे पोकेमॉन पकडलेले असले तरच. ज्याच्याकडे ते आहे तो लढतीत एकदा उतरला की बक्षिसाची रक्कम दुप्पट होते. रूट १५ वर असाच मदतनीस ५० जातींवर एक्स्प शेअर देतो. मागे पडलेल्या लॅप्रसला ते धरायला द्या, लढतीत न उतरताही त्याला निम्मा अनुभव मिळतो.

सातवा जिम लीडर ब्लेन याला हरवल्यावर वन आयलंडची वाट उघडते. तिथल्या किंडल रोडवर एका ओळीत बरेच ट्रेनर आहेत, फेरीसाठी जागा उत्तम. फोंडा ते पणजी बसच्या प्रवासात अशी एखाद-दुसरी फेरी आरामात होते, आणि हे काम अशा तुकड्यातुकड्यांनीच करावं. सलग बसलं की कंटाळा येतो आणि मग माणूस अर्ध्या तयारीने प्लॅटोवर जातो.

५५ च्या पुढे लेव्हल वाढवायला हरकत नाही, पण गरज नाही. मूव्ह बरोबर असतील तर ५३ वरही काम होतं; चुकीच्या असतील तर ६० वरही घाम फुटतो.

६. खरेदी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जातो तसं यादी घेऊनच जा. इंडिगो प्लॅटोच्या दुकानातले भाव: फुल रिस्टोर ३,०००, मॅक्स पोशन २,५००, रिवाइव १,५००, फुल हील ६००.

पहिल्या प्रयत्नासाठी हे पुरतं:

- फुल रिस्टोर १०: ३०,०००
- रिवाइव १०: १५,०००
- फुल हील ८: ४,८००
- लेमोनेड २०: ७,०००

एकूण ५६,८००.

लेमोनेड सेलाडॉनच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरच्या मशीनमधून ३५० ला मिळतं आणि ८० हेल्थ भरून काढतं. सुपर पोशन ७०० ला ५० च भरते, यावरून हिशेब करा. मशीनमधून एकेक बाटली काढावी लागते हे खरं, पण दोन लढतींच्या मधल्या मलमपट्टीसाठी लेमोनेड वापरलं की महागडी फुल रिस्टोर ऐन लढतीसाठी उरतात. मॅक्स पोशन घेऊ नका. ५०० जास्त टाकून फुल रिस्टोर घेतलं तर तेवढीच हेल्थ भरून झोप, विष, सगळंच जातं.

पीपी भरणारी औषधं दुकानात मिळत नाहीत. वाटेत सापडलेले ईथर आणि इलिक्सिर जपून ठेवा, ते लान्सच्या खोलीच्या आधी लागतील.

७. व्हिक्टरी रोड

रूट २३ ला सर्फ आणि आत दगड ढकलायला स्ट्रेंग्थ, एवढंच लागतं. जंगली पोकेमॉन दूर ठेवायला सोबत रिपेल ठेवा. आतले ट्रेनर टाळू नका, अनुभव चांगला मिळतो. बाहेर पडून प्लॅटोच्या सेंटरमध्ये पोहोचलात की पुढच्या वेळी थेट फ्लायने येता येतं. म्हणजे काही राहिलं असेल तर परत जाऊन आणायला अडचण नाही.

८. लढती

आत जाण्याआधी सेव्ह करा. ऑप्शनमध्ये बॅटल स्टाइल ‘शिफ्ट’वर आहे ना ते बघा. शिफ्टवर असताना समोरचा पुढचा पोकेमॉन काढण्याआधी गेम त्याचं नाव सांगतो आणि तुम्हाला फुकटात बदल करू देतो. पाचही लढतींत हे सगळ्यात मोठं शस्त्र आहे.

पाचही जणांकडे फुल रिस्टोर असतात. समोरच्याची पट्टी लाल झाली की ते वापरतात आणि तुमची मेहनत पाण्यात जाते. म्हणून एखादा पोकेमॉन दोन वारांत जाणार असेल तर दोन्ही मोठे वार करा. त्याला किंचित जीव शिल्लक ठेवून सोडू नका.

लोरेलाय. लॅप्रस पुढे ठेवा. ड्यूगाँग, क्लॉइस्टर, स्लोब्रो आणि तिचा लॅप्रस, चौघांवर थंडरबोल्ट. क्लॉइस्टरचा डिफेन्स प्रचंड आहे, त्याला बॉडी स्लॅम किंवा स्ट्रेंग्थ मारणं म्हणजे जांभ्यावर डोकं आपटणं. त्याचा स्पेशल डिफेन्स मात्र तेवढाच कच्चा. स्लोब्रोने ‘यॉन’ केली तर पुढच्या पाळीच्या शेवटी तुमचा पोकेमॉन झोपणार हे नक्की. लगेच बदला, जांभईचा परिणाम जातो. जिंक्सवर इलेक्ट्रिकचा खास उपयोग नाही. स्नॉरलॅक्स काढून शॅडो बॉल किंवा बॉडी स्लॅम मारा, तिचा डिफेन्स कागदासारखा आहे. ती लव्हली किसने झोपवते, तेव्हा फुल हील हाताशी ठेवा. झॅपडॉस इथे वेगाच्या बळावर चालतो, पण आइस बीम त्याला दुप्पट लागतो, म्हणून तो राखीव ठेवा. आणि महत्त्वाचं: इथे आइस बीम वापरू नका. तिचे पीपी दहाच आहेत आणि ते लान्ससाठी हवेत.

ब्रुनो. पाचांत हा सोपा. दोन्ही ऑनिक्सवर सर्फ चौपट लागते, एका वारात जातात. हिटमॉनली, हिटमॉनचॅन आणि मचॅम्पवर झॅपडॉसची ड्रिल पेक किंवा काडॅब्राची सायकिक. झॅपडॉसला रॉक टूंबचा धोका आहे, त्यामुळे हेल्थ अर्ध्याखाली आली की बदला. हिटमॉनचॅनकडे काउंटर आहे, फिजिकल वार दुप्पट होऊन परत येतो. त्याच्यावर सायकिक जास्त सुरक्षित. स्नॉरलॅक्स इथे अजिबात काढू नका.

अगाथा. नवे खेळाडू इथे अर्थक्वेकच्या भरवशावर जातात. गेंगार पॉयझन आहे, मग ग्राउंड लागणारच, असा हिशेब असतो. पण गेंगार आणि हाँटरची क्षमता लेव्हिटेट (हवेत तरंगणं) आहे आणि गोलबॅट उडतो. पाचांपैकी फक्त आर्बोकवर अर्थक्वेक लागते. नॉर्मल आणि फायटिंग मूव्ह घोस्टना शिवतसुद्धा नाहीत.

शॅडो बॉलवाला स्नॉरलॅक्स या खोलीचा राजा आहे. घोस्ट टाइपचे वार त्याला लागत नाहीत आणि त्याची शॅडो बॉल गेंगारला दुप्पट लागते. स्लज बॉम्बकडे मात्र लक्ष ठेवा. शॅडो बॉल नसेल तर सायकिक. गोलबॅटला थंडरबोल्ट किंवा शॉक वेव्ह.

हाँटरची पाळी नीट समजून घ्या. तो मीन लूक टाकतो, म्हणजे तुम्हाला बदल करता येत नाही. मग हिप्नोसिसने झोपवतो. मग ड्रीम ईटरने झोपलेल्याचा जीव पितो, नाहीतर कर्स टाकून दर पाळीला पाव हेल्थ काढतो. तीन पाळ्यांत चांगला तगडा पोकेमॉन हातचा जातो. त्याची हेल्थ आणि डिफेन्स दोन्ही कमी आहेत, तेव्हा पहिल्याच वारात संपवायचं. झोप लागलीच तर त्याच पाळीला फुल हील द्या, उद्यावर ढकलू नका. मीन लूक पडलेली नसताना कर्स लागली तर बदल केल्यावर ती उतरते.

लान्स. आत जाण्याआधी सगळ्यांना पूर्ण बरं करा आणि लॅप्रसच्या आइस बीमचे पीपी मोजा. निदान आठ हवेत, कमी असतील तर ईथर आत्ताच द्या. पहिला ग्याराडोस. दिसतो ड्रॅगनसारखा, आहे वॉटर-फ्लाइंग. आइस साधीच लागते, इलेक्ट्रिक चौपट. झॅपडॉसने सुरुवात करा आणि एका वारात मोकळे व्हा. मग लॅप्रस. दोन्ही ड्रॅगनेअरना आइस बीम दुप्पट, एरोडॅक्टिलला दुप्पट, ड्रॅगोनाइटला चौपट. एरोडॅक्टिलला थंडरबोल्टही दुप्पट लागते, आइस बीम कमी उरली असेल तर तिथे वाचवा. समोरच्याने सेफगार्ड (लकवा, झोप, विष अडवणारी मूव्ह) लावलेली असताना थंडर वेव्ह वगैरेंवर पाळी घालवू नका, लागणार नाही.

हायपर बीम भयंकर आहे, पण ती मारल्यावर पुढची पाळी मारणाऱ्याला गप्प बसावं लागतं. ती तुमची हक्काची पाळी: औषध द्या किंवा मोठा वार करा. आउटरेज सुरू झाली की दोन-तीन पाळ्या तो थांबत नाही आणि शेवटी स्वतःच गोंधळतो. तेवढा वेळ टिकून राहा.

चॅम्पियन. लान्स हरला की काम फत्ते झालं असं वाटतं आणि म्हणूनच त्याच्यावर सगळी औषधं उडवलेली असतात. चॅम्पियनसाठी चार फुल रिस्टोर आणि तीन रिवाइव बाजूला ठेवा, लान्ससमोर कितीही मोह झाला तरी. मधल्या जागेत सेव्ह करता येतं, पण टीम अर्धमेली आणि पिशवी रिकामी असताना सेव्ह केलंत तर त्याच अवस्थेत अडकाल. तेव्हा सेव्ह करण्याआधी पिशवी बघा.

पिजिऑटला इलेक्ट्रिक किंवा आइस. अलाकझॅम सगळ्यांच्या आधी वार करतो, त्याच्या वेगाशी स्पर्धा करू नका. स्नॉरलॅक्स काढा, एक सायकिक खा आणि शॅडो बॉल मारा. रायडॉनला सर्फ, चौपट. इथे झॅपडॉस असेल तर बदला, इलेक्ट्रिक रायडॉनला लागतच नाही. एक्झेग्युटरला आइस बीम, ड्रिल पेक किंवा शॅडो बॉल. आर्कनाइनला सर्फ. ग्याराडोसला थंडरबोल्ट.

शेवटचा स्टार्टर ६३ लेव्हलचा. चॅरिझार्डला सर्फ किंवा थंडरबोल्ट. ब्लास्टॉइजला झॅपडॉस. व्हीनासॉरला आइस बीम दुप्पट लागते, पण त्याचा ग्रासचा वारही लॅप्रसला दुप्पट लागतो, म्हणून तिथे झॅपडॉसची ड्रिल पेक बरी.

९. हरलात तर

पैसे जातात, अनुभव जात नाही. आठ बॅज असताना तुमच्या सगळ्यात वरच्या लेव्हलच्या १२० पट रक्कम कापली जाते, म्हणजे ५५ लेव्हलला ६,६००. चिडून लगेच रीसेट करण्याआधी विचार करा: चौघांना हरवून मिळालेला अनुभव ६,६०० पेक्षा मोलाचा असतो. मात्र बहुतेक औषधं संपली आणि लोरेलायच्याच खोलीत हरलात, तर रीसेट केलेलं बरं. वहीत लिहा की कुणाच्या कुठल्या पोकेमॉनने तुमचा कोण पाडला. दोन-तीन नोंदींतच दिसेल की अडचण एकाच जागी आहे, बहुधा एका मूव्हची.

१०. जिंकल्यावर

हॉल ऑफ फेमची नोंद झाली की गेम आपोआप सेव्ह होतो. त्या वेळी कन्सोल हलवू नका, बंद तर मुळीच करू नका. श्रेयनामावली संपल्यावर गेम पुन्हा सुरू केला की तुम्ही पॅलेट टाउनमध्ये घरी असता. ६० जातींचे पोकेमॉन पकडलेले असतील तर प्रोफेसर ओक नॅशनल डेक्स (पोकेमॉनची विस्तारित यादी) देतात आणि सेव्ही बेटांचा पुढचा भाग उघडतो. तिथे रुबी आणि सफायर शोधून वन आयलंडच्या यंत्रासाठी दिले की एलिट फोर नव्या, जास्त तगड्या टीमसह परत उभे राहतात. ब्रुनोकडे ऑनिक्सऐवजी स्टीलिक्स येतात, लान्सकडे किंगड्रा, आणि चॅम्पियनचा स्टार्टर ७५ लेव्हलचा होतो. स्टीलिक्सवर सर्फ आता चौपट नाही, दुप्पटच लागते, आणि किंगड्रावर आइस बीम साधीच. म्हणून त्या फेरीआधी वहीतली यादी नव्याने लिहा.